सेव्हिलमधील पहिली खाद्यफेरी : निवड, तयारी आणि तापास-वाइनचा क्रम

स्पेनच्या दक्षिणेकडील आंदालुसिया प्रदेशाची राजधानी असलेल्या सेव्हिल शहरात जाणारा मराठी पर्यटक कॅथेड्रल, हिराल्दा मनोरा आणि आल्कासार राजवाडा यांची तिकिटे बहुधा महिनाभर आधी काढून ठेवतो. जेवणाचा विचार मात्र तेथे पोहोचून पोटात कावळे ओरडू लागल्यावर करतो. त्या वेळी दुपारचे साडेबारा किंवा संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. स्थानिक लोक दुपारी दोननंतर आणि रात्री नऊनंतर जेवतात, त्यामुळे अशा अवेळी पदार्थांचे रंगीत फोटो लावून पर्यटकांची वाट पाहणाऱ्या उपाहारगृहांखेरीज फारसे काही उघडे नसते. या शहराचे खरे खाणे उंच लाकडी काउंटरपाशी उभ्याने, थोडे थोडे आणि एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी चालत जाऊन होते. त्याची रीत ठाऊक नसेल तर नवखा माणूस दारातूनच परत फिरतो. ही रीत शिकण्याचा सोपा मार्ग म्हणजे जाणकार गाईडबरोबर केलेली पायी खाद्यफेरी. तिची निवड कशी करावी, आधी काय ठरवून घ्यावे आणि प्रत्यक्ष फेरीत कसे वागावे, हे पुढे क्रमाने सांगितले आहे.

फेरी केव्हा ठेवावी

सेव्हिलला तीन-चार दिवसांचा मुक्काम असेल तर खाद्यफेरी पहिल्या किंवा फार तर दुसऱ्या संध्याकाळी घ्यावी. शेवटच्या रात्रीसाठी तिला राखून ठेवण्याची पद्धत मला चुकीची वाटते, कारण फेरीत जे कळते त्याचा उपयोग उरलेल्या प्रत्येक जेवणाला होतो. भारतातून लांबचा विमानप्रवास करून त्याच दिवशी माद्रिदहून वेगवान रेल्वेने आलेल्यांनी मात्र ती एक दिवस पुढे ढकलावी. रेल्वेचा हा प्रवास जेमतेम अडीच तासांचा असला, तरी झोपेने जड झालेल्या डोळ्यांनी वाइनची चव घेण्यात अर्थ नसतो.

ऋतूचा विचारही आधीच करावा. जुलै आणि ऑगस्टमध्ये येथील पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि ऑगस्टमध्ये अनेक जुनी मद्यालये मालकांच्या सुट्टीसाठी बंद असतात. त्या काळात जावेच लागले तर दुपारच्या फेरीचे नावही काढू नये. ईस्टरच्या आधीचा पवित्र सप्ताह आणि त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी भरणारी एप्रिलची जत्रा हे दोन्ही सोहळे पाहण्यासारखे असतात. मात्र सप्ताहात मिरवणुकांमुळे जुन्या गावठाणातील रस्ते तासन्‌तास अडतात, आणि जत्रेच्या दिवसांत गावातला निम्मा उत्साह नदीपलीकडच्या मंडपांत गेलेला असतो. मार्चचा पूर्वार्ध, मे महिना आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे दिवस सर्वांत सोयीचे असतात. वारही पाहावा. रविवारी संध्याकाळी आणि सोमवारी बरीच मद्यालये बंद असतात, आणि सोमवारी बाजारातील मासळीच्या गाळ्यांवरही शुकशुकाट असतो. म्हणून मंगळवार ते शनिवार यांतील एखादा दिवस निवडावा.

फेरीची निवड आणि विचारायचे प्रश्न

बहुतेक फेऱ्या तीन ते चार तासांच्या असतात आणि त्यात चार ते सहा थांबे येतात. जाहिरातीतील विशेषणे बाजूला ठेवून आयोजकाला काही साधे प्रश्न विचारावेत. गटात जास्तीत जास्त किती माणसे असतील, हा पहिला प्रश्न. जुन्या मद्यालयांत उभे राहायलाच जागा कमी असते आणि पंधरा-वीस जणांचा गट आत शिरला की ना गाईडचा आवाज ऐकू येतो ना काउंटरपर्यंत हात पोहोचतो. आठ-दहा जणांपुढील गट शक्यतो टाळावा. शुल्कात नेमके काय मिळते, म्हणजे किती थांब्यांवर किती पदार्थ आणि किती पेले, हा दुसरा प्रश्न. ‘चाखणे’ हा शब्द फार लवचीक आहे. कोणी त्यात रात्रीचे पूर्ण जेवण बसवतो, तर कोणी दोन ऑलिव्ह आणि पावाचा एक तुकडा. तिसरा प्रश्न थांब्यांविषयीचा. स्थानिक लोक ज्या ठिकाणी स्वतः जातात अशी मद्यालये आहेत की गटांसाठी राखून ठेवलेली वेगळी खोली आहे, हे स्पष्ट विचारावे. फ्लामेंको नृत्य आणि जेवण एकत्र विकणारे कार्यक्रम हा निराळा प्रकार आहे. त्यांत नाच चांगला असू शकतो, पण काउंटरवरच्या खाण्याची रीत शिकायला मिळत नाही.

किंमत पडताळण्याचीही एक सोपी रीत आहे. साध्या मद्यालयात एका तापाला, म्हणजे छोट्या बशीभर पदार्थाला, साधारण तीन ते पाच युरो पडतात आणि शेरी या स्थानिक वाइनचा पेला त्याहून स्वस्त असतो. फेरीतील पदार्थ आणि पेले मोजून त्यांची बेरीज केली की उरलेली रक्कम गाईडच्या ज्ञानाची आणि वेळेची आहे, हे लक्षात येते. ती रक्कम देणे योग्य आहे की नाही, हे मग प्रत्येकाने आपले ठरवावे. माझ्या मते इतिहास आणि वाइन या दोन्ही विषयांत मुरलेला गाईड मिळत असेल तर ती जास्त वाटत नाही.

आहाराविषयी आधी लिहून कळवावे

शाकाहारी वाचकांनी हा भाग दोनदा वाचावा. आंदालुसियात मांसाहार टाळणे शक्य आहे, पण ‘मी शाकाहारी आहे’ एवढे सांगून भागत नाही. अनेक ठिकाणी ट्यूना मासा घातलेले सॅलड शाकाहारी म्हणून पुढे येते, परतलेल्या भाज्यांत हामोनचे, म्हणजे खारवून वाळवलेल्या डुकराच्या मांडीचे, बारीक तुकडे चवीसाठी टाकलेले असतात आणि साध्या दिसणाऱ्या कालवणाचा आधार मांसाचा रस्सा असू शकतो. साल्मोरेखो हे टोमॅटो, पाव, लसूण आणि ऑलिव्ह तेल यांचे दाट थंड सार मुळात शाकाहारी आहे, परंतु वाढताना त्यावर उकडलेले अंडे आणि हामोन भुरभुरण्याची प्रथा आहे. मान्तेकादो नावाची नाताळातील बिस्किटे तर थेट डुकराच्या चरबीत बनतात.

म्हणून फेरीची नोंदणी करतानाच आपण काय खात नाही त्याची यादी द्यावी : मांस, हामोन, मासे, ट्यूना, अंडी, चरबी, मांसाचा रस्सा, जे जे लागू असेल ते सर्व. चांगले आयोजक त्याप्रमाणे पर्यायी पदार्थ ठरवतात, मात्र फेरीच्या जागी पोहोचल्यावर सांगितल्यास त्यांच्या हातात काही उरत नाही. प्रत्यक्ष काउंटरवर ‘सिन हामोन, सिन आतून, सिन पेस्कादो’ (हामोन, ट्यूना, मासे नकोत) हे तीन शब्दप्रयोग उपयोगी पडतात. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी मात्र आधीच जाणून असावे की येथे ऑलिव्ह, मान्चेगो चीज, बदाम, पाव आणि फळे यांच्या पलीकडे त्यांच्यासाठी फारच थोडे आहे. ही फेरी त्यांना पैसे वसूल झाल्याचे समाधान बहुधा देणार नाही. गोमांस टाळणाऱ्यांनी ‘कोला दे तोरो’ म्हणजे बैलाच्या शेपटीचे कालवण ओळखून ठेवावे. ‘कार्रियादा’ हे गालाच्या मांसाचे मऊ कालवण डुकराचेही असते आणि गुराचेही, तेव्हा तेथे विचारूनच घ्यावे.

शाकाहाऱ्यांच्या हक्काचा पदार्थ म्हणजे एस्पिनाकास कोन गार्बान्सोस, अर्थात पालक आणि काबुली चणे. तळलेला पाव आणि लसूण वाटून आलेला दाटपणा, लाल पाप्रिका आणि जिऱ्याची ठसठशीत चव यांमुळे मराठी जिभेला तो पहिल्याच घासात ओळखीचा वाटतो. यामागे अरबी अमलाची पाच शतके आहेत. इसवी सन ७११ नंतर हे शहर मुस्लिम राजवटीखाली होते, कास्तिलचा राजा तिसरा फर्नांदो याने ते १२४८ मध्ये घेतले, पण जिरे, पालक, बदाम आणि लिंबूवर्गीय फळे स्वयंपाकघरात राहिली.

फेरीच्या दिवशी

दुपारचे जेवण हलके आणि लवकर घ्यावे, पण पोट पूर्ण रिकामे ठेवून वाइनकडे जाऊ नये. जुन्या भागातील गल्ल्या गोट्यांच्या फरसबंदीच्या आहेत, त्यामुळे टाचांची पादत्राणे टाळावीत. सोबत पाण्याची बाटली असावी. नळाचे पाणी पिण्यायोग्य असते आणि मद्यालयातही मागितल्यास मिळते. दुपारी तीन ते पाच खोलीवर पडून राहणे हा आळस नसून त्या हवामानाशी घेतलेले जुळते आहे, आणि रात्री अकरापर्यंत उभे राहायचे असेल तर त्याला पर्याय नाही. भेटीच्या ठिकाणी दहा मिनिटे आधी पोहोचावे, कारण गट निघून गेल्यास त्या गल्ल्यांतून तो शोधणे नवख्याला जमत नाही.

वाट कशी असते

प्रत्येक आयोजकाचा मार्ग निराळा असला तरी त्याचे टप्पे साधारणपणे चार भागांतून निवडलेले असतात. पहिला भाग एन्कार्नासियोन चौकाचा. तेथे २०११ मध्ये पूर्ण झालेली, युर्गेन मायर या जर्मन वास्तुरचनाकाराची भव्य लाकडी छत्री आहे, जिला गावकरी ‘सेतास’ म्हणजे अळंबी म्हणतात. तिच्या पायथ्याशी भाजी, मासळी आणि मांसाचा बाजार भरतो, आणि तळघरात खोदकामात सापडलेले रोमन अवशेष जपून ठेवले आहेत. येथून काही पावलांवर, सान्ता कातालिना चर्चच्या शेजारी, ‘एल रिंकोन्सियो’ हे १६७० पासूनचे मद्यालय आहे. छताला हामोन टांगलेले, भिंतींवर जुन्या रंगीत फरश्या आणि समोर काळवंडलेल्या लाकडाचा काउंटर. येथे नवख्याने मुद्दाम पाहावी अशी गोष्ट म्हणजे हिशोब. वाढपी कानामागचा खडू काढतो, तुमच्या पुढ्यातल्या लाकडावरच आकडे लिहितो, नवा पदार्थ आला की खाली नवा आकडा जोडतो, आणि पैसे दिले की ओल्या फडक्याने सगळे पुसून टाकतो. म्हणून मांडलेली जागा मध्येच बदलू नये आणि कोपर, पिशवी किंवा ओला पेला त्या आकड्यांवर ठेवू नये. आपले बिल पुसले गेले तर वाढप्याला तोंडी उजळणी करावी लागते, आणि गर्दीच्या वेळी त्याला ते आवडत नाही.

दुसरा भाग कॅथेड्रलच्या मागचा सान्ता क्रूस, म्हणजे मध्ययुगातील यहुदी वस्ती. हा भाग सर्वाधिक पर्यटकी झाला आहे हे खरे, तरी मातेओस गागो रस्त्यावर संत्र्याची वाइन देणारी छोटी मद्यालये अजून तग धरून आहेत. तिसरा भाग नदीकाठचा आरेनाल. तेथे १८५० मध्ये सुरू झालेल्या ‘कासा मोरालेस’च्या मागच्या दालनात वाइन साठवण्याचे मातीचे पुरुषभर उंच रांजण भिंतीला लागून उभे आहेत.

चौथा भाग पुलापलीकडचा त्रियाना, आणि माझ्या आवडीने निवडायचे झाले तर फेरी येथून सुरू व्हावी किंवा येथे संपावी. ग्वादाल्किविर नदीवरचा १८५२ मध्ये पूर्ण झालेला लोखंडी पूल ओलांडला की उजव्या हाताला त्रियानाचा बाजार लागतो. या बाजाराच्या खाली सान हॉर्खे किल्ल्याचे अवशेष आहेत. १४८१ पासून १७८५ पर्यंत स्पॅनिश धर्मन्यायासनाचे ठाणे याच किल्ल्यात होते. यहुदी किंवा मुस्लिम धर्म सोडून ख्रिस्ती झालेल्यांवर हे न्यायासन पाळत ठेवी आणि डुकराचे मांस टाळणे हे त्यांच्याविरुद्धच्या संशयाचे एक कारण असे. वर गाळ्यावर कापल्या जाणाऱ्या हामोनकडे पाहताना खालच्या दगडांचा हा इतिहास गाईडने सांगितला नाही तर त्याला विचारावा. नदीनेही येथल्या स्वयंपाकाला बरेच दिले आहे. अमेरिकेशी होणाऱ्या व्यापाराचे नियमन करणारी संस्था १५०३ मध्ये याच शहरात स्थापन झाली आणि तिचे बस्तान १७१७ मध्ये कादिझला हलेपर्यंत त्या खंडाशी चालणाऱ्या स्पॅनिश व्यापाराची किल्ली सेव्हिलच्या हाती राहिली. टोमॅटो, बटाटा आणि मिरची युरोपात आली ती त्या खंडातून. साल्मोरेखोचा लाल रंग आणि आपल्या फोडणीतली मिरची यांचे मूळ गाव तेच, फक्त आपल्याकडे ती पोर्तुगीजांच्या गलबतांतून आली.

काउंटरवरची रीत

‘तापा’ म्हणजे एकट्यापुरती छोटी बशी, ‘मेदिया रासियोन’ म्हणजे दोघांपुरती मध्यम बशी आणि ‘रासियोन’ म्हणजे चौघांत वाटून खाण्याएवढी मोठी बशी. एका ठिकाणी एक किंवा दोन तापा आणि एक पेला, एवढ्यावर थांबून पुढे निघावे. पहिल्याच ठिकाणी आवडले म्हणून पोटभर खाणारा चौथ्या थांब्यावर नुसता बघ्या होतो. बऱ्याच ठिकाणी तापा फक्त काउंटरपाशी मिळतात आणि टेबल घेतल्यास मोठ्या बश्याच मागवाव्या लागतात. ग्रानादा शहरात पेयासोबत फुकट तापा मिळतो, तशी अपेक्षा सेव्हिलमध्ये ठेवू नये. फार तर चार ऑलिव्ह पुढे येतील. टेबलावर आणून ठेवलेला पाव आणि ‘पिकोस’ या कुरकुरीत काड्या यांचे वेगळे पैसे लागू शकतात.

वाढपी गर्दीत तुमच्याकडे येण्याची वाट पाहू नये, आणि चुटकी तर मुळीच वाजवू नये. नजर मिळवून ‘ओला, बुएनास’ म्हणावे, पदार्थ आणि संख्या एका दमात सांगावी आणि निघताना ‘ला क्वेंता, पोर फावोर’ म्हणून बिल मागावे. गाईडसोबत असताना हे काम तोच करतो, पण एखाद्या थांब्यावर त्याची परवानगी घेऊन आपण स्वतः मागणी करून पाहावी, म्हणजे दुसऱ्या दिवशी एकट्याने जाताना जीभ अडखळत नाही.

वाइनचा क्रम

सेव्हिलच्या आसपासची खरी ओळख शेरी या वाइनने होते, आणि तिच्याविषयी आपल्याकडे एक मोठा गैरसमज आहे. शेरी म्हणजे आजीबाईंनी नाताळात घ्यायचे गोड पेय, ही कल्पना इंग्रजांच्या बाजारपेठेसाठी बनलेल्या गोड प्रकारांवरून पसरली. येथे रोज प्यायली जाणारी शेरी हाडाची कोरडी असते. हेरेस, सानलूकार दे बार्रामेदा आणि एल पुएर्तो दे सान्ता मारिया या तीन गावांच्या परिसरात, चुनखडीच्या पांढऱ्या मातीत पिकलेल्या पालोमिनो द्राक्षांपासून ती बनते. आंबलेल्या वाइनमध्ये द्राक्षांचेच मद्यार्क मिसळून तिची तीव्रता वाढवतात. ती १५ टक्क्यांवर थांबवली आणि लाकडी पिंप पूर्ण न भरता वर मोकळी जागा सोडली, तर पृष्ठभागावर दुधावरच्या सायीसारखा यीस्टचा पांढरा थर धरतो. ‘फ्लोर’ नावाचा हा थर वाइनला हवेपासून वाचवतो आणि तिच्यातील उरलीसुरली साखर खाऊन टाकतो. त्यातून फिकट, कोरडी ‘फिनो’ तयार होते. हीच वाइन नदीच्या मुखाशी असलेल्या सानलूकारच्या दमट हवेत मुरली की तिला ‘मान्सानिया’ म्हणतात आणि तिला खारट वाऱ्याची झाक येते. तीव्रता १७ टक्क्यांवर नेली तर यीस्ट तग धरत नाही, हवा वाइनला भिडते आणि तपकिरी, अक्रोडाच्या वासाची ‘ओलोरोसो’ बनते. आधी फ्लोरखाली आणि नंतर फ्लोर मेल्यावर उघड्या हवेत, असे दोन्ही जन्म पाहिलेली ती ‘अमोन्तियादो’.

पिंपे एकावर एक रचलेल्या ओळींत असतात. सर्वांत खालच्या, म्हणजे ‘सोलेरा’ ओळीतून थोडीच वाइन बाटलीसाठी काढतात, ती भर वरच्या ओळीतून घालतात आणि वरच्या ओळीची भर त्याहून वरच्या ओळीतून. सर्वांत वर नवी वाइन येते. यामुळे प्रत्येक बाटलीत अनेक वर्षांचे मिश्रण असते आणि बाटलीवर सहसा साल छापलेले नसते. ‘ही कोणत्या सालची?’ हा प्रश्न फ्रेंच वाइनच्या सवयीने तोंडात येतो. त्याऐवजी ती किती काळ मुरली आहे, असे विचारावे.

प्यायचा क्रम हलक्याकडून भारीकडे आणि कोरड्याकडून गोडाकडे असावा. सुरुवात थंडगार मान्सानिया किंवा फिनोने करावी. सात ते नऊ अंशांवर नसलेली, काउंटरवर उघडी पडून कोमट झालेली फिनो नाकारायला संकोच करू नये, कारण उघडलेली फिनो फार दिवस टिकत नाही. त्यानंतर अमोन्तियादो, मग ओलोरोसो आणि शेवटी गोड. पदार्थाशी जोडी लावण्यासाठी तेथे एक सूत्र सांगतात : जे पोहते त्याच्यासोबत फिनो, जे उडते त्याच्यासोबत अमोन्तियादो आणि जे धावते त्याच्यासोबत ओलोरोसो. या सूत्रात शाकाहारी माणसाला जागाच नाही! त्याने खारवलेले ऑलिव्ह, तळलेले बदाम आणि साल्मोरेखो यांच्यासोबत फिनो घ्यावी, पालक-चण्यांसोबत अमोन्तियादो आणि मुरलेल्या चीजसोबत ओलोरोसो. पालक आणि अमोन्तियादो ही जोडी मला सूत्रातल्या कोणत्याही जोडीहून सरस वाटते. जिरे आणि अक्रोडाचा वास एकमेकांना उठाव देतात.

गोड शेवटासाठी दोन पर्याय आहेत. पेद्रो हिमेनेस जातीची द्राक्षे उन्हात पसरून मनुक्यांपर्यंत सुकवतात आणि त्यांच्या रसापासून काळी, काकवीसारखी दाट वाइन बनवतात. तिचा एक छोटा पेला आइस्क्रीमवर ओतून चौघांत वाटावा, एकट्याने संपवण्याच्या भरीस पडू नये. दुसरा पर्याय संत्र्याच्या वाइनचा, जी शेजारच्या उएल्वा जिल्ह्यात पांढऱ्या वाइनमध्ये कडू संत्र्यांची साल मुरवून तयार होते. सेव्हिलच्या रस्त्यांवर हिवाळ्यात लगडलेली संत्री याच कडू जातीची आहेत. ती तोडून खाण्याचा मोह झाल्यास एका फोडीतच उतरतो.

शेरी साध्या टेबल वाइनपेक्षा कडक असते, हे विसरू नये. पेला छोटा दिसला तरी चार-पाच पेल्यांची बेरीज मोठी होते, तेव्हा प्रत्येक पेल्यामागे पाणी प्यावे आणि नको असलेला पेला तसाच ठेवावा. कोणी रागावत नाही. मद्य न घेणाऱ्यांनी नोंदणीच्या वेळीच तसे कळवावे आणि शुल्क कमी होते का हे विचारावे. ‘मोस्तो’ म्हणून बहुतेक स्पेनमध्ये द्राक्षांचा रस मिळतो, पण सेव्हिलजवळच्या आल्हाराफे भागात शरदानंतर त्याच नावाने नवी, आंबलेली वाइन विकतात. म्हणून ‘सिन आल्कोओल’ हे शब्द जोडायला विसरू नये.

हामोन आणि मासळी

मांसाहारी वाचकांनी हामोनच्या पट्टीचा रंग पाहण्याची सवय लावावी. २०१४ पासूनच्या नियमानुसार इबेरिको जातीच्या डुकराच्या मांडीला चार रंगांपैकी एक पट्टी असते. काळी पट्टी म्हणजे शंभर टक्के इबेरिको वंश आणि शेवटचे महिने ओकच्या रानात पडलेली फळे खाऊन वाढलेला प्राणी. लाल पट्टीत खाणे तेच, पण वंश संकरित. हिरव्या पट्टीत मोकळ्या रानातले चरणे आणि धान्य, तर पांढऱ्या पट्टीत गोठ्यातले धान्य. तुकडा हाताने कापलेला, कागदासारखा पातळ आणि खोलीच्या तापमानाचा असावा. त्यातील चरबी बोटांच्या उबेने चकाकू लागली की तो खाण्याजोगा झाला असे समजावे. फ्रीजमधून थेट आलेल्या तुकड्याला ती चव नसते.

मासळीत ‘कासोन एन आदोबो’, म्हणजे छोट्या मुशीचे तुकडे व्हिनेगर, लसूण, ओरेगानो आणि जिऱ्यात मुरवून तळलेले, हा पदार्थ चुकवू नये. ‘तोर्तियितास दे कामारोनेस’ हे कादिझकडचे कुरकुरीत धिरडे असते आणि त्यात गव्हाच्या पिठासोबत चण्याचे पीठ आणि सालीसकट बारीक कोळंबी घालतात. कोकणातल्या माणसाने ते खाऊन पाहावे आणि आपले मत बनवावे. मे-जूनमध्ये दारोदारी गोगलगायींच्या पाट्या लागतात. त्या खाव्यात की नाही हा ज्याच्या त्याच्या धाडसाचा प्रश्न आहे.

फेरी संपल्यावर

टीप देणे सक्तीचे नाही, पण गाईड मनापासून फिरला असेल तर प्रत्येकी पाच-दहा युरो हातावर ठेवणे रास्त होय. निघण्यापूर्वी त्याच्याकडून दोन गोष्टी मागून घ्याव्यात : तो स्वतः रविवारी दुपारी कुठे जेवतो त्या ठिकाणाचे नाव आणि आपल्याला आवडलेल्या वाइनचे नाव कागदावर लिहून. दुसऱ्या नावाचा उपयोग दुकानात होतो, कारण शेरीच्या बाटल्यांवर प्रकाराचे नाव बारीक आणि कंपनीचे नाव ठळक असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सान लेआंद्रोच्या मठात जाऊन ‘येमास’, अर्थात अंड्याच्या बलकाची आणि साखरेची मिठाई, घ्यावी. तेथील साध्वी बाहेरच्या माणसासमोर येत नाहीत. भिंतीत एक फिरते लाकडी कपाट बसवलेले असते. घंटी वाजवावी, पलीकडून आवाज आला की हवी ती पेटी सांगावी, फळीवर पैसे ठेवावेत, कपाट फिरते आणि पेटी व सुटे पैसे समोर येतात. दुपारी मठ बंद असतो, त्यामुळे एक वाजण्याच्या आत जावे आणि जवळ छोट्या नोटा ठेवाव्यात.

भारतात परतताना प्रत्येक प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येते. बाटल्या कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत टाकाव्यात आणि उंचावरच्या दाबाचा विचार करून बुचे घट्ट आहेत ना हे पाहावे. हामोन मात्र, निर्वात पाकिटात असले तरी, सोबत आणण्याच्या फंदात पडू नये, कारण परवान्याशिवाय मांसपदार्थ आणण्यास मनाई असल्याने विमानतळावर ते काढून घेतले जाऊ शकते. ते तेथेच, काउंटरपाशी उभ्याने, एका पेल्यासोबत संपवावे.